मातीची पीयूसी

वसमतच्या अलीकडं, फाट्यावरून आत पाऊण कोस,
हळदीच्या वाफ्यात मी पांढरा डबा पालथा घालतो.
डब्याला नळी, नळीला मशीन,
मशीनला मोटारसायकलची बॅटरी,
आणि बॅटरीवर माझी छत्री.
मी उन्हात.

मुंजाजीभाऊ बांधावर तंबाखू मळत विचारतात,
"सर, मातीची पीयूसी काढायलात का?
टेम्पोची काढली परवा नांदेडला.
पैशे घेतले,
नळी न घालताच कागद देला."

मी हसतो.
खरं म्हणजे तेच काढतोय.
फक्त मातीला सायलेन्सर नसतो, धूर दिसत नाही,
आणि नापास झाली
तर तिला कुठल्या गॅरेजला न्यायचं?

आधी बांधावर लावला होता डबा,
कुंदा आणि घाणेरीच्या मधे,
जिथं पोतं कधी पोचलं नाही.
आकडा म्हसोबासारखा बसून राहिला.

आता वाफ्यात.
परवा युरिया पडला.
रात्री साडेअकराला थ्री फेज आली, बोअर चाललं पहाटेपर्यंत,
आणि सकाळपासून भाद्रपदाचं ऊन.
माती कोमट, ओली, पोटभर जेवलेली.
सात.
एकोणीस.
चाळीस.
मुंजाजीभाऊ तंबाखू तळहातावर तशीच धरून
मशीनवर वाकतात.

मी सांगतो, हळदीनं खाल्लं तेवढं खाल्लं.
उरलेल्यावर मातीतले जीव पंगतीला बसतात,
डोळ्याला न दिसणारे,
आणि जेवण झाल्यावर ढेकर देतात.
त्या ढेकरातला वायू
आणि तुमच्या टेम्पोच्या नळीतला,
एकाच कुळाचे. चुलतभाऊ म्हणा.
वर गेल्यावर उन्हात बसून दोघं काय कालवतात
ते छातीला कळतं, डोळ्याला नाही.

"मंग पोरगं चाकणहून येतंय,
मनतंय दोन दिस चोख हवा खाऊन जातो.
ते काय मनावं?"

मी नळीचा पीळ काढत बसतो.

पलीकडच्या तुकड्यात दैवशाला,
कमरेला पोत्याची ओटी बांधून
मुठीमुठीनं युरिया फेकत येते.
तासाच्या टोकाला थांबते.
"याला मशीन कामून लागतं?
लेकराचं मुतलेलं दुपटं
दारं लावून रातभर खोलीत ठिवा,
सकाळी कळतंय.
ओल्यात फेकलं की डोळे झोंबायलेत बघा."

तो वास दुसऱ्या वायूचा,
माझं मशीन तो मोजत नाही,
हे मी सांगू शकलो असतो.
सांगितलं नाही.
तिचं नाक या रानात
मशीनच्या आधीपासून आहे.

पाणी प्यायला ती छत्रीपाशी येते.
तांब्या वरून ओतते, तोंड पुसते, मशीनकडं बघते.
"मानसाच्या तोंडाला लावता येतंय का हे?"

येतं, मी म्हणतो.
दम्याच्या माणसाला मोठ्या दवाखान्यात
अशीच एक नळी फुंकायला देतात.

ती नळी माझ्या हातातून घेते.
एक लांब श्वास सोडते, मिश्रीचा वास असलेला,
आणि डोळे बारीक करून
पडद्याकडं बघत राहते.
आकडा चढतो.

माझ्या वहीत रकाने आहेत:
वाफा क्रमांक, ओलावा, तापमान,
खताची मात्रा, किलोत.
मी पेन्सिल घेऊन समासात लिहितो,
दैवशाला, दहा चाळीस.
आकड्याची जागा सोडतो.

"पास का नापास?"

माहीत नाही, मी म्हणतो. खरंच माहीत नव्हतं.
मशीन मातीसाठी आणलेलं,
माणसाचं माप त्यात कुणी बसवलं नव्हतं.

"हूं," ती म्हणते.
पदर नाकावरून घट्ट गुंडाळते, ओटी सावरते.
अजून तीन तास बाकी आहेत.

मुंजाजीभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली.
पडद्यावरचा आकडा
बराच वेळ खाली आला नाही.